एक्कावन्न हप्त्यांचा संसार

सुशिक्षित माणसांनी वेगळं व्हावं तर आमच्यासारखं, असं मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. आवाज चढला नाही, वकील गाठला नाही. एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मी आणि बायकोने अकरा वर्षांचा संसार दोन तासांत वाटून टाकला. वॉशिंग मशीन तिला, फ्रिज मला, पुस्तकं ज्याची त्याला. मिक्सरवरून थोडा तणाव झाला, पण मिक्सरनेच समजूतदारपणा दाखवून त्याच आठवड्यात प्राण सोडला.

राहिली गाडी. मी लिफ्ट दुरुस्त करतो. गावाच्या कुठल्याही टोकाला कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की हत्यारांची पेटी घेऊन मला धावावं लागतं. त्यामुळे गाडी मला हवीच होती आणि तिला नकोच होती. इतकं एकमत आमचं हनिमूनलाही झालं नव्हतं.

अडचण एवढीच, की गाडीचं कर्ज दोघांच्या नावावर होतं. तिने स्वतःसाठी एक छोटा फ्लॅट पाहून ठेवला होता, आणि तिच्या बँकेने सांगितलं होतं, आधी गाडीच्या कर्जावरून नाव काढून आणा, मग घराचं बोलू. बिल्डर महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. त्यानंतर फ्लॅट दुसऱ्याला.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो.

"तुझी अर्ध्या तासाची कामं मला माहीत आहेत. बाथरूमचा नळ अजून गळतोय."

"तो आता तुझा नळ नाही."

गाडीच्या बँकेत कर्ज विभागातल्या बाईंनी आमची फाईल उघडली, माझी पगाराची पावती पाहिली आणि चेहऱ्यावर एक हळुवार दुःख आणलं.

"यांचं नाव काढता येईल. पण तुमच्या एकट्याच्या पगारावर हे कर्ज बसत नाही. यांच्या जागी दुसरं कोणीतरी आणा. जवळचं नातेवाईकच लागेल."

थोरल्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, काल बोलायचंस ना." काल बोललो असतो तर परवा बोलायला हवं होतं. बहीण म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." ती अजून विचारतेच आहे. मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी सही करते."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. पेन्शन ठणठणीत, गुडघे सोडून बाकी सगळंच ठणठणीत.

"आई, तू यात पडू नकोस," बायको म्हणाली.

"तुझ्या फ्लॅटसाठीच पडतेय. शिवाय गुरुवारी मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे कोण नेणार? तू? तुला रिव्हर्स घेता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि जावईबापू, हप्ता चुकला तर वर्गाबाहेर उभं करीन."

आम्ही तिघं बँकेत गेलो. बाई फॉर्म भरू लागल्या.

"अर्जदाराशी नातं?"

"सासू," मी म्हणालो.

बाईंचं पेन थांबलं. "पण तुम्ही दोघं वेगळे होताय ना?"

"हो. अगदी समजुतीने," मी जरा अभिमानानेच म्हणालो.

"मग घटस्फोट झाल्यावर या तुमच्या कोण?"

आमच्या दोन तासांच्या वाटणीत हा मुद्दा आलाच नव्हता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या, उत्तर न आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं, माझ्याकडे पाहत होत्या.

"कर्ज फिटेपर्यंत नातं टिकायला हवं," बाई म्हणाल्या. "एक्कावन्न हप्ते राहिलेत. तेवढं लग्न राहू द्या. वेगळे राहा, बँकेची काही हरकत नाही."

"माझी आहे," बायको म्हणाली.

"आणि फ्लॅट?" सासूबाईंनी विचारलं.

बायकोने बोटांवर दिवस मोजले. मुदतीला पाच दिवस होते. शेवटी म्हणाली, "पेन द्या."

परतताना सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, बायको मागे.

"खड्डा बघून," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी माझी आहे."

दोन दिवसांनी बायकोला मीच तिच्या बँकेत सोडलं; शेजारच्या इमारतीत लिफ्ट अडकली होती. तिच्या नावावर आता एका पैशाचंही कर्ज नव्हतं. तिथले अधिकारी भलतेच खूश झाले. मी दारातूनच निघत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "विवाहित?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "एक्कावन्न महिने."

"मग मिस्टरांची सही लागेल. सहकर्जदार म्हणून. विवाहित अर्जदारांना आमच्याकडे तसा नियमच आहे."

"यांचं नाव पुढे काढता येईल ना?"

"येईल की. त्यांच्या जागी दुसरं जवळचं नातेवाईक आणायचं."

मुदतीला तीन दिवस उरले होते. मी पेटी खाली ठेवली आणि सात ठिकाणी सही केली.

ते कर्ज वीस वर्षांचं आहे.