ढोलाप्पाची रजा

एका जंगलात, बाळांनो, एक बाग होती. जंगलात बाग कशाला, असं विचारू नका. नगरपालिका आली की बाग येतेच.

बागेत एक ऐतिहासिक कारंजं होतं. वर दगडी मोर, खाली हौद. लांबलांबून प्राणी बघायला यायचे. त्याचे नळ कधीच गंजून गेले होते, पण हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक बागेचे अधीक्षक तरसराव आणि दुसरा ढोलाप्पा हत्ती. ढोलाप्पा दिवसभर मागच्या झुडपात बसून सोंडेनं पाणी उडवायचा. कुणाला सांगायचं नाही, अशी तरसरावांनी शपथच घातली होती.

ढोलाप्पाची बायको मंजुळाबाई. नवरा बागेत कामाला आहे, एवढंच बिचारीला माहीत.

ती रोज म्हणायची, "सगळ्यांचे नवरे बायकांना कारंजं दाखवतात. तुम्ही तिथेच असता, पण कधी नेलंत का?"

ढोलाप्पाचा जीव तिळतिळ तुटायचा. शेवटी त्यानं एक दिवस रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. तरसरावांनी न वाचताच सही केली.

मंजुळाबाई कपाळावर नक्षी काढून निघाली. दोघं कारंज्यापुढे उभे राहिले. गर्दी जमली होती. पाणी काही येईना.

"आज बंद दिसतंय," मंजुळाबाई हळूच म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला.

ढोलाप्पाला ते बघवेना. त्यानं हौदात सोंड बुडवली आणि उडवलं की पाणी, थेट दगडी मोराच्या वर. थुईथुई पाऊस पडला. मंजुळाबाई लहान पोरीसारखी हसली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. तरसराव धावत आले.

"लाज नाही वाटत? ऐतिहासिक वास्तूवर पिचकाऱ्या मारता? व्हा बाहेर."

ढोलाप्पा त्यांच्याकडे बघतच राहिला. तरसरावांनी मात्र ओळखही दाखवली नाही.

"चारचौघांत शोभा केलीत माझी," घरी जाताना मंजुळाबाई म्हणाली. शपथ घेतलेली, त्यामुळे ढोलाप्पा मान खाली घालून चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला घेऊन एकटीच आली. कारंजं जोरात सुरू होतं.

"बघा," ती शेजारणीला म्हणाली, "आमचे हे सोबत नसले की कसं झकास चालतं."

झुडपामागे ढोलाप्पाला सगळं ऐकू आलं. पण सोंड भरलेली होती. बोलणार कसा?

तात्पर्य : ऐतिहासिक वास्तू सहकुटुंब अवश्य पाहावी. मात्र ती आपल्याच जिवावर चालत असेल, तर रजा घेऊ नये.