बस्त्याव सरांची मिती

आमच्या शाळेतले गणिताचे बस्त्याव सर फ्लॉवर चिरत नसत, त्याचे काप घेत. दाढीच्या ब्लेडनं, श्वास रोखून. मग काप आलेखाच्या कागदावर ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि रेघ किती चौकोनांतून जाते ते मोजायचं. पुन्हा तेच, बारीक चौकोनांवर.

"तुरा मोडा, तोही छोटा फ्लॉवरच. त्याचा तुरा मोडा, तोही. रेघेची मिती एक, कागदाची दोन, खोक्याची तीन. असल्या वस्तूची अशी सरळ येत नाही, बाई. मध्येच लटकते."

मी मराठीची शिक्षिका. मान डोलवायला माझं काय जातं?

ऐंशी सालानंतर केव्हातरी मुंबईच्या मित्रानं त्यांना या विषयावरचा लेख धाडला, आणि त्या हिवाळ्यात आख्ख्या स्टाफरूमनं फ्लॉवरची भाजी खाल्ली. आमच्या गास गावच्या बाजारात गड्डा हातात घेऊन ते स्वतःशीच पुटपुटले, "मिती किती?" भाजीवाली म्हणाली, "आज चतुर्थी. उपास हाय का, सर?"

बातमी चर्चपर्यंत गेली. रविवारी मिस्सा सुटल्यावर फादरांनी त्यांना बाजूला घेतलं. "सर, पंचांग बघायला लागलात म्हणे?"

"तिथी नव्हे, फादर, मिती. ही पूर्णांकात येत नाही."

फादर आणखीच काळजीत पडले.

पुढच्या वर्षी माझे यजमान गेले. सगळं संपलं, आता नोकरी सोडून मुलीला घेऊन नाशिकला भावाकडे जायचं, असं मी ठरवून टाकलं. लोक येत, "देवाची इच्छा" म्हणत, चहा घेऊन जात. सर आले ते भाजीचा डबा घेऊन दारातच उभे राहिले.

"मला सांत्वन येत नाही, बाई. गणित येतं, ते सांगतो. फ्लॉवरच्या पृष्ठभागाची मिती दोन आणि वर काही. काप घेतला की त्यातला एक जातो. सुरी कशीही धरा, बहुधा एकच जातो. उरतं त्याला शून्य म्हणता येत नाही."

तोवर मला नीट रडूही आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

मी नाशिकला गेले नाही. त्याच शाळेत निवृत्त झाले, मुलीला शिकवलं. हे सगळे उपकार त्या दारातल्या माणसाचे. एकदा तसं बोलूनही दाखवलं आणि विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं?

सरांनी चष्मा काढून पुसला. "माझी बायको गेली तेव्हा मला हे कुणी सांगितलं नाही. कळायला फार वर्षं लागली. म्हटलं, तुम्हाला लवकर सांगावं."