सत्तेचाळीस नंबरची काच

आकुर्डीच्या बसस्टॉपवर आमचे माने सर डोळे मिटून, तळहात उन्हात पसरून उभे राहायचे. एकदा एका बाईने त्या हातावर केळं ठेवलं. सरांनी ते खाल्लं आणि कॉलेजात येऊन वहीत लिहिलं, 'वाटेत केळं मिळालं.'

मी त्यांच्या प्रयोगशाळेची झाडलोट करते. चौथी शिकलेय, पण सर मलाही समजावून सांगायचे. "सुमनताई, निम्मं ऊन डोळ्यांना दिसतच नाही. हाताला लागतं फक्त. त्याची वीज करायचीय." त्यासाठी कसलेसे अतिबारीक कण पातळ प्लास्टिकमध्ये कालवून सर काचेच्या तुकड्यावर काळा लेप द्यायचे. पिठल्यासारख्या गुठळ्या झाल्या की वीज अडायची. फसलेल्या काचा ताटलीत जमायच्या. त्या घासून स्वच्छ करायचं काम माझं.

घडेल ते सगळं सर वहीत लिहायचे. शिंक आली तरी. "वहीशी खोटं बोलायचं नाही," म्हणायचे. घरी सांगायला कुणी नव्हतं, म्हणूनही लिहीत असतील.

सत्तेचाळीस नंबरची काच मात्र जमली. आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त वीज देऊ लागली. सरांनी ती वेगळ्या डबीत जपून ठेवली. दसरा झाल्यावर चाकणच्या एका कंपनीचे साहेब ती बघायला येणार होते. त्यांना पटलं तरच काम पुढे चालणार होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं, हत्यारं धुऊनपुसून पुजतात. मी सकाळीच गेले. डबी पुसायची म्हणून आतली काच घटकाभर ताटलीत ठेवली. मग गडबडीत ताटलीतल्या सगळ्याच काचा घासून लखलखीत केल्या, हळदकुंकू वाहिलं.

सर आले. डबी उघडली, रिकामी. ताटलीतली एकेक काच उजेडाला धरून बघितली. सगळ्यांतून आरपार दिसत होतं. कामावरून जाणार, हे मी धरूनच चालले. सरांनी डबी मिटून ठेवली. मग म्हणाले, "प्रसाद द्या."

साहेब आले आणि चहा पिऊन गेले. विभागप्रमुख भडकले. कुणी केलं, म्हणून विचारू लागले. सरांनी वही पुढे केली. ती वाचून प्रमुख सरांनाच नाही नाही ते बोलले. सर मान खाली घालून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना मी वही उघडली. बोट ठेवून अक्षरं लावली.

'काच ४७. माझ्या हातून पुसली गेली.'

खाली लिहिलं होतं, 'प्रसादाला शिरा. चांगला झाला होता.'