थोरल्या जावयाची हत्यारपेटी

सासऱ्यांची गाडी सुरू करताना खडखडू लागली, तेव्हा तपशीलरावांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना झाला आनंद, आणि तो लपवणंही त्यांना जमलं नाही.

"टायमिंग चेन," हात पुसत ते बायकोला म्हणाले. "सैल झालीय. बदलावी लागणार."

"मग वस्तादांच्या गॅरेजात नेऊन टाका. बाबा धाकटीकडून महिनाअखेरच्या रविवारी परत येतायत. आल्या आल्या गाडी मागतील."

"वस्ताद? अगं, तो खुणेसाठी चेनवर पांढरे ठिपके देतो आणि देवाचं नाव घेऊन इंजिन खोलतो. ही काय पद्धत झाली? या कामाला खास हत्यारं लागतात."

"ती तुमच्याकडे आहेत?"

"येतील," तपशीलराव म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून बायको आत निघून गेली.

तपशीलराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटांच्या कारखान्यात ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. चौकोनी बिस्किटाचे चारही कोपरे सारखेच चौकोनी आहेत का, या विषयावर त्यांनी एकदा अख्खी दुपार बैठक घेतली होती. त्या बैठकीतून डोकं धरून बाहेर पडलेल्या कोणीतरी हे बारसं केलं आणि नाव यथावकाश घरापर्यंत पोचलं. त्यांनी ते शिवी म्हणून घेतलं नाही, पदवी म्हणून घेतलं.

सासऱ्यांना मात्र या पदवीचं कौतुक नव्हतं. त्यांना दोन जावई. धाकटा असा की नुसता जवळून गेला तरी बंद पडलेला पंखा फिरायला लागावा. "पोराच्या हाताला यश आहे," असं सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि मग थोरल्या जावयाकडे वळून विचारायचे, "तुमचं काय, ऑफिस बरं चाललंय ना?" तपशीलरावांना ते फार लागायचं. सासऱ्यांनी एकदा, आयुष्यात एकदाच का होईना, आपल्याही पाठीवर थाप मारावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आता सासऱ्यांची जीव की प्राण असलेली गाडी खडखडत त्यांच्या दारात उभी होती. अशी संधी पुन्हा कुठून येणार?

हत्यारपेटी आली. ती उघडण्याआधी तपशीलरावांनी हात साबणाने धुतले. आत काळ्या फोमच्या कप्प्यांत एकेक हत्यार निवांत पहुडलं होतं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हलू नये म्हणून वरून बसवायची पट्टी, क्रँक जागच्या जागी धरून ठेवणारी खीळ, चेनला ताण देणारी स्प्रिंग दाबून ठेवायची पिन, पुली ओढून काढणारा तिपायी पुलर. एक बारीक वाकडं हत्यार मात्र कशाचं ते कळेना. तपशीलरावांनी माहितीपुस्तिका उलटसुलट वाचली, दुकानदाराला फोन केला, अखेर कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की ते बाकीची हत्यारं फोममधून बाहेर काढायचं हत्यार आहे. यावर दुसरा कोणी खजील झाला असता. तपशीलराव म्हणाले, "बघ, किती विचार केलाय माणसांनी."

पण पेटीतली हत्यारं म्हणजे नुसती सुरुवात होती. पुलीचा बोल्ट सुटेना, कारण तो फिरवताना पुलीही फिरायची. म्हणून पुली धरून ठेवायचं हत्यार मागवलं. ते धरायला दोन हात लागायचे आणि बोल्ट फिरवायला आणखी दोन. बायकोने एका बाजूने धरलं. "सोडू नकोस," असं तपशीलराव म्हणाले त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली, तिने सोडलं, आणि तपशीलरावांच्या बोटाचं नख पुढचे कित्येक दिवस निळं राहिलं. घंटा वाजवणारा नवा पाना घेऊन आला होता.

तरीही जुनी चेन निघाली. पट्टी आणि खीळ बसवून इंजिन जागच्या जागी जखडलं आणि नवी चेन चढवायची वेळ आली. इथेच घोडं पेंड खायला लागलं. पुस्तिकेत लिहिलं होतं की बोल्ट ठराविक जोराने आवळा आणि मग काटकोनात आणखी फिरवा. किती जोर लावला ते सांगणारा पाना तपशीलरावांकडे होता. काटकोन मोजणारी तबकडी नव्हती. ती मागवली, तर दुसऱ्याच मापाची आली. ती परत पाठवली.

"काटकोन म्हणजे टेबलाचा कोपरा," बायको म्हणाली. "तेवढा अंदाजाने नाही का येत फिरवता?"

"अंदाज?" तपशीलरावांनी छातीवर हात ठेवला. "चेन एक दात जरी चुकली तर आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. इंजिनाचं भजं होईल."

खरी गोष्ट अशी होती की त्यांची पाचावर धारण बसली होती. हत्यारं निवडताना त्यांचा हात कधी अडला नाही, पण वापरायची वेळ आली की तो खिशात जायचा. रोज संध्याकाळी ते गाडीपाशी जायचे, एकेक हत्यार पुसायचे आणि परत यायचे. अखेर सासरे यायच्या आदल्या दिवशीचा शनिवार उजाडला.

शनिवारी दुपारी दारात वस्ताद उभा. एरवी हा माणूस गॅरेजातून मान बाहेर काढून अख्ख्या रस्त्याला सल्ले द्यायचा. आज त्याचा आवाज खालच्या पट्टीत होता.

"साहेब, तुमच्याकडे चेन बदलताना इंजिन जखडायचं लॉकिंग हत्यार आहे म्हणे. दुकानदार बोलला."

"आहे. का हो?"

"कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंची गाडी खोललीय. काकांच्या गाडीचंच इंजिन." वस्ताद इकडेतिकडे बघून जवळ आला. "ठिपके दिले होते मी. पण काय झालं, इंजिन लईच मळलं होतं म्हणून डिझेलने धुतलं. ठिपकेबी धुतले गेले."

तपशीलरावांना या क्षणी जो आनंद झाला तो सज्जनाला न शोभणारा होता. "बघा," ते म्हणाले, "मी म्हणतच होतो. पद्धत म्हणून काही असते की नाही?"

"असते साहेब. द्या ना मग तेवढं हत्यार."

तपशीलरावांनी वस्तादला गाडीपाशी नेलं आणि बॉनेट उघडलं. पट्टी आणि खीळ इंजिनात ठाण मांडून बसली होती. नवी चेन बाजूला कागदात.

"काढा की," वस्ताद म्हणाला.

"काढता येत नाही. काढली तर कॅमशाफ्ट उसळेल. आधी चेन चढवून बोल्ट आवळायला पाहिजे."

"मग चढवा."

"तबकडी यायचीय."

वस्तादने इंजिनाकडे पाहिलं, मग तपशीलरावांकडे. त्याच्या ध्यानात सगळं आलं, आणि ते ध्यानात आलंय हे तपशीलरावांच्याही ध्यानात आलं. दोघांनाही आपापली अब्रू प्यारी होती.

"असं करू," वस्ताद शर्टाच्या बाह्या सरसावत म्हणाला. "तुम्ही वाचा, मी फिरवतो. मलाबी हे हत्यार एकदा चालवून बघायचंच होतं. खरं सांगू, लॉक लावलेलं इंजिन मी पहिल्यांदाच बघतोय."

मग जी दुपार गेली ती तपशीलराव कधी विसरणार नाहीत. ते पुस्तिका मोठ्याने वाचत होते, वस्ताद पाना लावत होता. वस्ताद घाई करायला लागला की तपशीलराव "थांबा" म्हणायचे आणि तपशीलराव फार वेळ थांबले की वस्ताद "पुढं वाचा" म्हणायचा. काटकोनाची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळून पान्याच्या दांड्याला शाळेतला गुण्या टेकवला. ताणाची पिन काढली, चेन ताठ झाली. पट्टी निघाली, खीळ निघाली, इंजिन हाताने दोनदा फिरवून पाहिलं, कुठे अडलं नाही. सगळं जोडून किल्ली फिरवली, तेव्हा गाडी अशी सुरू झाली की दोघं श्वास रोखून ऐकतच राहिले. खडखडीचा मागमूस नव्हता. तपशीलरावांचे डोळे भरून आले. वस्तादनेही उगाच नाक पुसलं.

"एक विनंती," पेटी काखेत मारत वस्ताद म्हणाला. "वस्तादने गिऱ्हाइकाकडून हत्यार मागून नेलं, हे बाहेर जायला नको."

"नाही जाणार. आणि ही गाडी कोणी केली म्हणायची?"

"तुम्हीच केली की साहेब. मी कुठं होतो?"

एवढं बोलणं होतंय तोवर फाटकापाशी रिक्षा थांबली. सासरे एक दिवस आधीच आले होते. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी गाडी ऐकली. मग चालवून आणली. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा तपशीलरावांनी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

"वस्ताद, हे तुझं काम?"

"छे हो काका. चेन जावयांनी बदललीय, एकट्यानं. मी आपला बघायला आलो होतो. असं काम आमच्याच्यानं व्हायचं नाही."

वस्ताद पेटीसकट पसार झाला. आणि मग ते घडलं. सासऱ्यांनी तपशीलरावांच्या पाठीवर थाप मारली. चांगली सणसणीत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"शाबास जावईबापू. तुमच्यात हे आहे हे मला माहीतच नव्हतं. चुकलं माझं." त्यांनी तिथल्या तिथे धाकट्या जावयाला फोन लावला. "हॅलो, मी पोचलो. अरे, तुझ्या गाडीचं म्हणत होतास ना? हो, तीच चेन. गॅरेजात नको देऊस, उद्याच इकडे घेऊन ये. थोरल्यांनी माझी स्वतःच्या हातांनी केली... अरे, सोन्यासारखी."

तपशीलरावांचं हसू जागच्या जागी थिजलं. "बाबा, उद्या म्हणजे जरा..."

"त्याला केवढा आनंद झालाय म्हणून सांगू," सासरे फोन खिशात ठेवत म्हणाले. "म्हणतो, मी खुर्ची टाकून शेजारीच बसणार, मला शिकायचंय. मीपण बसतो. सकाळीच सुरू करा, म्हणजे उजेड चांगला मिळेल."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. घरात जाता जाता तिने भिंतीचा आधार घेतला, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"त्यांच्या गाडीचं इंजिन कुठलं?" तपशीलरावांनी विचारलं.

"वेगळंच आहे. सगळी हत्यारं नवी घ्यावी लागतील बघा तुम्हाला," सासरे कौतुकाने म्हणाले.

नवी हत्यारं घ्यायची हे ऐकून तपशीलरावांना आयुष्यात पहिल्यांदाच अजिबात आनंद झाला नाही.