तिघांत एक इंटरनेट

मेहकरचे वार्ताहर हिंमतराव यांना स्वस्तातली युक्ती सुचली, की घरचे कपाळावर हात मारून घ्यायचे. पण या वेळी युक्तीवाचून गत्यंतरच नव्हतं.

अकोल्याच्या संपादकांनी फर्मान काढलं होतं: एक तारखेपासून बातमी ई-मेलनेच हवी. एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाकीट देणाऱ्याने वार्ताहरकी सोडावी. आता मेहकरात हिंमतरावांना चार लोक नमस्कार करत ते त्या वार्ताहरकीमुळेच. ती गेली असती तर कुणी चहालाही विचारलं नसतं. म्हणून त्यांनी जुना कॉम्प्युटर आणि त्याहून जुना, फोनच्या लाइनवर चालणारा मोडेम आणला, आणि इंटरनेटचं खातं मात्र तिघांत मिळून एकच घेतलं. बाकीचे दोघे भागीदार त्याच पेपरचे वार्ताहर होते, सोनाळ्याचा शालिग्राम आणि पिंपळगाव राजाचे भगवंतराव.

"एका विहिरीवर तीन शेतं भिजतात, मंग एका खात्यावर तीन मानसं काऊन नाही?" असा हिंमतरावांचा सवाल होता.

एक तारखेला ते दुपारीच मोडेमपुढे बसले. मोडेम भांडणाऱ्या मांजरांसारखा किंचाळला आणि पडद्यावर उत्तर आलं: या खात्यावर आधीच कुणीतरी आहे. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. शालिग्रामला फोन केला तर एंगेज, भगवंतरावांना केला तर तेही एंगेज. तेही बिचारे त्याच दारावर धडका देत होते. शालिग्राम मघाशी आत शिरला होता खरा, पण सासूबाईंनी मध्येच रिसीव्हर उचलला आणि लाइन तुटली. इंटरनेट कंपनीच्या मशीनला मात्र जावई अजून आतच आहेत असं वाटत राहिलं.

"अहो, अकोल्याची गाडी सुटून राह्यली," अन्नपूर्णाबाई दारातून नवऱ्याला म्हणाल्या. "पाकीट देऊन द्या ना डायवरजवळ."

"तुले नाही समजत. पाकीट दिलं का वार्ताहरकी गेली."

"मंग करता काय आता?"

हिंमतरावांनी बातमी फ्लॉपीवर घेतली आणि धावत गाडी गाठली. पाकीट पाठवायला बंदी होती, स्वतः जायला नव्हती.

अकोल्याला ते मागच्या दाराने ऑपरेटरच्या खोलीत शिरले, तर बाकावर शालिग्राम आणि भगवंतराव आधीच बसलेले. दोघांच्याही हातात फ्लॉपी. हिंमतराव त्यांच्याशेजारी सरकून बसले. ऑपरेटरला चहा पाजला आणि तिन्ही बातम्या ई-मेल म्हणून गुपचूप मशीनमध्ये चढल्या.

थोड्या वेळाने पलीकडच्या केबिनमधून संपादकांचा खुशीतला आवाज आला, "तिघांचेही ई-मेल आले की! थांबा, मेहकरला फोन लावून हिंमतरावांचं अभिनंदनच करतो."

हिंमतराव धडपडत उठले, पण तोवर फोन लागला होता. ते मोडेमपुढून उठल्यापासून त्यांच्या घरचा फोन मोकळाच होता.

"नमस्कार वहिनी, साहेब आहेत का? काय म्हणता? ई-मेल घेऊन एसटीने अकोल्याला गेलेत?"

बाकावरचे तिघेही दाराशी काढलेल्या चपला शोधू लागले.