मुंगसाचा डावा पंजा आणि रसिक मंडळाचा कौल

बाळांनो, एका जंगलात देवाचे नाव घेणारे थोडे होते आणि मत देणारे पुष्कळ होते. नामालाही जीभ लागते आणि मतालाही जीभच लागते. त्यामुळे तिथल्या प्राण्यांची अशी प्रामाणिक समजूत होती की आपण दिवसभर साधनाच करीत आहोत.

त्या जंगलात बास्केटबॉलचा खेळ होता. मोकळ्या माळावर समोरासमोर दोन साग उभे होते आणि प्रत्येकावर वेताची एक बिनबुडाची टोपली बांधलेली होती. पाच प्राणी या बाजूला, पाच त्या बाजूला. चेंडू प्रतिपक्षाच्या टोपलीत टाकायचा. पाचांपैकी एक जण चेंडू टप्पे देत पुढे आणतो, सर्वांकडे पाहतो आणि तो कोणाला द्यायचा ते ठरवतो. त्याला पॉइंट गार्ड म्हणतात. त्याने स्वतः टोपली साधावी, हे त्याचे मोठेपण नव्हे. त्याच्यामुळे दुसऱ्याला ती साधता यावी, हे त्याचे मोठेपण. ही वृत्ती अंगी बाणायला फार वेळ लागतो. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण त्या जंगलात ते कोणी ठेवले नाही.

जंगलाच्या संघात दामू नावाचा एक तरुण मुंगूस पॉइंट गार्ड होता. चपळ होता, नम्र होता, आणि त्याचा उजवा पंजा असा होता की चेंडू त्याला चिकटून चालतो असे वाटावे. डावा पंजा मात्र नुसता अंगाला लावून दिल्यासारखा होता.

संघाचे कोच एक वृद्ध साळिंदर होते. त्यांना सर्व जण गुरुजी म्हणत. गुरुजी बोलत कमी. जे बोलत त्यात बहुतेक दोनच शब्द असत. एक ‘कोपर’ आणि दुसरा ‘पुन्हा’.

रोज काकड्याच्या वेळेला, जंगल निजलेले असताना, गुरुजी दामूला ओढ्याकाठच्या खडकापाशी नेत. डाव्या पंजाने चेंडू खडकावरच्या एका पांढऱ्या शिरेवर मारायचा. रोज एकशे आठ वेळा. माळेत जितके मणी, तितक्या वेळा.

“गुरुजी, आज शंभर बरोबर लागले,” एके दिवशी दामू म्हणाला.

“आठ चुकले.”

“आठच चुकले, गुरुजी.”

“देवाला वाहायच्या एकशे आठ फुलांत आठ शिळी चालतील का?”

दामूने चेंडू उचलला.

“कोपर आत,” गुरुजी म्हणाले. “पुन्हा.”

हे सारे कशासाठी, तेही सांगतो. पौर्णिमेला नदीपलीकडच्या पाणमांजरांशी अंतिम सामना होता. पाणमांजरांना दामूचा उजवा पंजा पाठ झाला होता. ते उजवीकडे भिंतीसारखे उभे राहत. डाव्या पंजाने पास देता आला तरच दामूला वाट होती.

“पौर्णिमेपर्यंत येईल ना, गुरुजी?” दामूने विचारले.

“अकरा दिवस आहेत. येईल. मधे कोणाचे ऐकू नकोस.”

आता मधे कोण होते, ते पाहा.

माळाच्या कडेला एक उंबर होता. त्यावर रसिक मंडळ बसत असे. माळाची मालकी मंडळाकडे होती आणि कोच नेमण्याचा अधिकारही. मंडळाची रीत अशी, की जो अधिक बोलेल त्याला वरची फांदी. जो उठून जाईल त्याची फांदी दुसऱ्याची. त्यामुळे सराव पाहायला म्हणून कोणी कधी उठले नाही. शिवाय सराव पहाटे असे, आणि मंडळी दिवस दोन हात वर आल्याशिवाय डोळा उघडत नसत. अशा रीतीने, ज्या गोष्टीविषयी मंडळ अखंड बोलत असे, ती मंडळातल्या एकानेही पाहिलेली नव्हती. निरूपण करायला ग्रंथ वाचलेला असावा लागतो, ही जुन्या लोकांची अडचण होती. मंडळाने ती दूर केली होती.

मंडळात दोन पंथ होते. कोमलपंथाची प्रमुख गोदाबाई टिटवी. कठोरपंथाचा प्रमुख खंडेराव तरस.

त्या आठवड्यात एका साध्या सामन्यात दामूने डाव्या पंजाने पास दिला आणि चेंडू थेट करवंदीच्या जाळीत गेला. त्याने चटकन उंबराकडे पाहिले. गुरुजींनी त्याला बोलावून बाकावर बसवले. चुकल्याबद्दल नव्हे, उंबराकडे पाहिल्याबद्दल. पण हे उंबरावरून कसे कळणार?

“चार सामन्यांत तीनदा बसवला,” गोदाबाई म्हणाली. “पोराचा जीव तो केवढा. शेपूट खाली गेले होते त्याचे, मी पाहिले ना.”

“मुंगसाचे शेपूट खालीच असते,” खंडेराव म्हणाला.

“तुम्हाला काय कळणार, खंडेराव. तुम्ही कधी अंडे उबवलेय का?”

“तुम्ही कधी चेंडू टाकलाय का?”

“तुम्ही टाकलाय?”

“मी टाकणारे पाहिलेत. आमच्या वेळी असाच एक साळिंदर होता. पोर चुकले की काटा टोचायचा. कसली पोरे तयार व्हायची. हा आपला नुसता बसवतो. हा कसला कडक? मऊ मेण आहे मेण.”

बाळांनो, इथे एक गंमत लक्षात घ्या. एक पंथ म्हणे गुरुजी फार कठोर. दुसरा म्हणे पुरेसे कठोर नाहीत. दोघांचे भांडण हाडवैराचे होते, पण गुरुजी चुकतात याविषयी दोघांचे एकमत होते.

सामना संपल्यावर गोदाबाईने दामूला झाडाखाली बोलावले.

“ये रे राजा. घाबरू नकोस. गुरुजी ओरडतात का रे तुला?”

“नाही, आजी. ते फक्त ‘पुन्हा’ म्हणतात.”

“किती वेळा?”

“चुकेल तितक्या वेळा.”

“ऐकलेत?” गोदाबाईने सगळ्या फांद्यांकडे पाहिले. “याला छळ नाही तर काय म्हणायचे?”

“काटा नाही टोचला?” खंडेरावाने वरून विचारले. “एकदाही नाही?”

“नाही, काका.”

“मग वाया गेलास म्हण.”

“आणि हा डावा पंजा हवाय कशाला?” गोदाबाई म्हणाली. “उजवा सोन्यासारखा दिलाय देवाने. जे आहे ते फुलवायचे सोडून नाही त्याच्या मागे लागायचे. मी आई असते तर—”

“तुम्ही आई नाही आहात,” खंडेराव म्हणाला.

“सगळ्यांचीच आहे मी.”

दामू घरी गेला. त्या दिवसापर्यंत त्याला आपला छळ होत आहे हे ठाऊक नव्हते, आणि आपण वाया गेलो आहोत हेही ठाऊक नव्हते. दुसऱ्या पहाटे एकशे आठांपैकी एकवीस नेम चुकले.

“कोणाचे ऐकलेस?” गुरुजींनी विचारले.

दामू चेंडूवरची माती पुसू लागला.

“पुन्हा,” गुरुजी म्हणाले. आणि दामूला तो शब्द पहिल्यांदाच टोचला.

इकडे दोन्ही पंथांनी ठरवले की आता देवालाच कौल लावावा. देवळात गेल्यावर मागायचे काय, याची ज्याला लाज नाही त्याला बाकी कशाचीच नसते. ज्याच्या चरणी जन्मभराचे मागणे एका श्वासात विरून जावे, त्याच्यापुढे हे एका चेंडूचे भांडण घेऊन निघाले, आणि तेही वाजतगाजत.

वनदेवाची काळी पाषाणमूर्ती ओढ्यापलीकडे होती. तिचा पुजारी एक म्हातारा वानर होता. त्याला गुरवबुवा म्हणत. त्याने दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या. एक देवाच्या उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर गुरुजी राहतील. डावी आधी पडली तर जातील. असे ठरवून त्याने गाऱ्हाणे घातले.

“बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरे एका मुंगसाच्या पायी भांडून दमली आहेत.”

“होय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“काय खरे, काय खोटे, ते तूच सांग म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

आणि सगळे थांबले. कौल म्हणजे थांबणेच असते. पाकळी सुकेल तेव्हा पडेल. कधी घटकाभर लागतो, कधी दोन प्रहर. तेवढा वेळ मनात दुसरे काही न आणता त्या मूर्तीकडे पाहत बसावे, यासाठीच तर तो विधी.

मंडळाला थांबण्याची सवय नव्हती. थोड्या वेळाने गोदाबाईला फार उकडू लागले आणि ती डाव्या पाकळीजवळ जाऊन पंखांनी वारा घेऊ लागली. ते पाहून खंडेरावाला सर्दी झाली. गुरुजी त्याला नकोच होते, पण गोदाबाईच्या मताने जायला नको होते. तो उजव्या पाकळीशेजारी जाऊन शिंकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळे पोट आत घेऊन.

दोन्ही पाकळ्या एकाच क्षणी पडल्या.

सगळे गुरवबुवांकडे पाहू लागले. बुवांनी दोन्ही पंथांकडून नारळ घेतले होते. त्यांनी डोळे मिटले.

“देवाला दोन्ही पक्ष मान्य आहेत,” ते म्हणाले. “गुरुजींनी राहावे. पण शिकवू नये.”

“आणि मुंगूस?” गोदाबाईने विचारले.

“त्याने शिकावे. पण आपल्याला कोणी शिकवत आहे, असे त्याला जाणवू नये.”

“यावर देखरेख कोण ठेवणार?” खंडेराव म्हणाला.

“जे भक्त आहेत, ते.”

असा कौल घेऊन मंडळी परतली. त्यांनी तो गुरुजींना सांगितला.

“देव बोलला असता तर मी ऐकले असते,” गुरुजी म्हणाले. “हे तुमच्या शिंकेचे आणि पंखांचे म्हणणे आहे.”

“म्हणजे तुम्ही देवाला मानत नाही,” गोदाबाई म्हणाली, आणि ते सर्वत्र पसरले.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. गोदाबाई आणि खंडेराव जन्मात पहिल्यांदा पहाटे उठले आणि जांभया देत खडकाच्या दोन अंगांना बसले.

दामूने चेंडू मारला. तो शिरेच्या बाहेर लागला.

“कोपर,” गुरुजी म्हणाले.

“हळू बोला हो,” गोदाबाई म्हणाली.

“ऐकूच आले नाही,” खंडेराव म्हणाला. “जोरात सांगा.”

“पुन्हा,” गुरुजी म्हणाले.

“कशाला पुन्हा? छान होता की तो. छान होता रे राजा.”

“भिकार होता.”

दामूने आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे. गुरुजींकडे पाहायला त्याला वेळच मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी बोलायचे थांबले. ते रोज यायचे, खडकापाशी बसायचे, आणि दामूचे कोपर रोज थोडे थोडे बाहेर जाताना पाहायचे. गोदाबाई प्रत्येक नेमाला ‘छान’ म्हणायची. खंडेराव प्रत्येक नेमाला ‘भिकार’ म्हणायचा. दोघांपैकी एकानेही एकदाही ‘कोपर’ म्हटले नाही, कारण कोपराचा आणि चेंडूचा काही संबंध असतो हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. सारे जंगल माळावर लोटले. सामना असा रंगला की शेवटच्या क्षणी जंगलाचा संघ एका गुणाने मागे आणि चेंडू दामूकडे. पाणमांजरे उजवीकडे भिंत करून उभी. डावीकडे, टोपलीच्या अगदी खाली, संघातले चितळ मोकळे. एक पास, आणि सामना जंगलाचा.

दामूने चेंडू डाव्या पंजात घेतला. कोपर बाहेर गेले. चेंडू चितळाच्या तीन हात अलीकडे पडला, आणि तिथे एक पाणमांजर त्याची वाटच पाहत होते.

हरल्यावर माळावर शांतता असते, असे तुम्हाला वाटत असेल. उंबरावर आनंदीआनंद होता.

“मी म्हणतच होते,” गोदाबाई म्हणाली. “पोराचे मन आधीच मोडले होते.”

“मी म्हणतच होतो,” खंडेराव म्हणाला. “काटा टोचला असता तर पोराने जिंकून दाखवले असते.”

दोघेही बरोबर ठरले होते. पुढच्या पौर्णिमेपर्यंत पुरेल इतका विषय मिळाला होता.

दामू बाकाजवळ एकटा बसला होता. गुरुजी त्याच्या शेजारी येऊन बसले.

“कोपर बाहेर गेले,” ते म्हणाले.

“हो, गुरुजी.”

“बिघडलेली सवय मोडायची, तीन महिन्यांचे काम आहे. आता सामना नाही, म्हणजे घाई नाही. मंडळाचे आता सरावाकडे लक्षही नसेल. उद्या पहाटे ये.”

दामूचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्याला खरे कोणी सांगितले नव्हते. “येतो,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले होते.

तेवढ्यात उंबरावरून हाक आली. मंडळाला प्रत्यक्ष अनुभवी वक्ता हवा होता. दामूला मधल्या फांदीवर बसवले. तो घसा खाकरून म्हणाला, “माझ्या मते,” आणि सगळा उंबर गप्प झाला. गोदाबाई गप्प, खंडेराव गप्प. शंभर नेम अचूक लागूनही जे कधी मिळाले नव्हते, ते दोन शब्दांत मिळाले. दामू बोलत राहिला. आपले काय चुकले, गुरुजींचे काय चुकले, खरा पॉइंट गार्ड कसा घडवावा. तो फार सुंदर बोलला. दुसऱ्या पहाटे तो झोपला होता.

गुरुजी तीन पहाटे खडकापाशी वाट पाहत बसले. चौथ्या पहाटे ते नदी उतरून पाणमांजरांकडे गेले. पाणमांजरांना झाडावर चढायची हौस नाही, म्हणून त्यांच्याकडे रसिक मंडळ नाही. तिथे एका लहानशा पाणमांजराचे कोपर बाहेर जात होते.

दामू आता सर्वांत वरच्या फांदीवर बसतो. चेंडूला त्याने पुन्हा पंजा लावलेला नाही. नवे पॉइंट गार्ड फार चुका करतात, असे त्याचे मत आहे, आणि त्या मताला जंगलात मान आहे.

तात्पर्य: शिष्याला गुरू एक असावा आणि तो जवळ असावा, असे जुने भाविक सांगत. त्यांचे ऐकू नये. गुरू शंभर असावेत, सगळे झाडावर असावेत, आणि खाली शिष्य एकही नसावा. म्हणजे कोणाचेच शिक्षण बिघडत नाही.