दादाचा पंप

दादा गेल्यापासून त्या पिंपाला कोणी हात लावला नव्हता. त्याने स्वतः निवडलेल्या सफरचंदांची शेवटची सायडर त्यात होती, चारशे लिटर आंबवलेला रस. पुढच्या आठवड्यात त्याला जाऊन वर्ष होणार होतं. त्या दिवशी जमणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या हातचा एकेक पेला द्यायचा, असं वहिनींनी ठरवलं होतं. त्यासाठी ती पंपाने दाबाच्या टाकीत भरायची होती.

पंप दादासारखाच होता. बटण 'पुढे'वर लावलं की मागे ओढायचा, 'मागे'वर लावलं की पुढे ढकलायचा. वहिनी बावीस वर्षं म्हणत होत्या, "अहो, दुरुस्त करून घ्या." दादाचं उत्तर ठरलेलं होतं : "मला माहीत आहे ना!" आता माहीत असणारा माणूसच उरला नव्हता. म्हणून दादाच्या धाकट्या भावाने, वहिनींना आणखी त्रास नको या विचाराने, परवा गुपचूप वायरमनला बोलावून तारा उलट्या जोडून घेतल्या होत्या.

नळ्या जोडल्या. टाकीत गॅस भरून दाबाचा काटा दोनवर आणला. धाकटा टाकीला लावलेल्या शिडीवर चढला.

"वहिनी, पुढे लावा!"

"लावलं!"

पंप घरघरला, पण टाकीत थेंब पडेना. काटा मात्र खाली यायला लागला, आणि पिंपाच्या तळातून बुडबुडे निघाले.

"भाऊजी, हे उकळल्यासारखं का करतंय?"

"तुम्ही मागे लावलंय!"

"डोळे आहेत मला! पुढेच आहे!"

"मग राहू द्या, घेईल जोर!"

पंपाने जोर घेतला. टाकीतला सगळा गॅस उलटा पिंपात घुसला, झाकण उडालं आणि दादाची सायडर फेस होऊन छताला जाऊन भिडली. वहिनींनी प्लग उपटला, तोवर निम्मं पिंप गटारात चाललं होतं. धाकटा शिडीवरच बसला. त्याला रडू येत होतं, आणि नाकाच्या शेंड्यावरून सफरचंदाचा वास ठिबकत होता.

"कसं शक्य आहे?" तो म्हणाला. "मी परवा तारा बदलून घेतल्या होत्या."

वहिनींचा चेहरा पडला.

"तारा? अहो, मी काल त्या बटणावरच्या 'पुढे-मागे'च्या चिठ्ठ्या काढून अदलाबदल करून चिकटवल्या! म्हटलं, तुमची चूक व्हायला नको."

एकमेकांच्या काळजीपोटी दोघांनी मिळून पंप होता तिथे आणून ठेवला होता. गटारात फेस विरत होता, आणि ही नासाडी भरून येणारी नव्हती. दादा असता तर त्याचाही चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला असता.

शेवटी वहिनी पिंपाजवळ आल्या. त्यांनी धाकट्याला टाकीत पुन्हा गॅस भरायला लावला आणि प्लग जोडून बटण मुकाट्याने 'मागे'वर लावलं. पंप एकदा खोकला आणि उरलेले दोनशे लिटर शहाण्यासारखे टाकीत जाऊ लागले. पेले अर्धेच भरावे लागणार होते.

"वहिनी, उद्या चिठ्ठ्या तरी नीट लावून टाकतो," धाकटा खाली उतरत म्हणाला.

वहिनींनी पदराने आधी बटण पुसलं, मग डोळे.

"हात लावायचा नाही त्याला," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ना!"